गुंतवणूक व्हिसावर परदेशात दवाखाना: मराठवाड्यातल्या डॉक्टरांसाठी कामांचा क्रम

अमेरिकेचा ई-२ हा गुंतवणूकदार व्हिसा भारतीय पासपोर्टवर मिळत नाही. ज्या देशांशी अमेरिकेचा तसा करार आहे, त्यांच्याच नागरिकांना तो मिळतो आणि भारत त्या यादीत नाही. तरीही ‘लाख-दीड लाख डॉलर लावा आणि अमेरिकेत क्लिनिक टाका’ अशा जाहिराती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतच असतात. मी इथल्या डॉक्टरांचे कराचे आणि परकीय चलनाचे कागद पाहतो. या कामात लोक सगळ्यात शेवटची गोष्ट सगळ्यात आधी विकत घेतात, ती म्हणजे व्हिसा. खरा क्रम आधी परवाना, मग पैसा, मग व्हिसा असा आहे. हा लेख डॉक्टर, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट आणि बीएएमएस मंडळींना समोर ठेवून लिहिलाय. आर्किटेक्ट किंवा सीए असाल तर परवान्याचा भाग तुमच्या व्यवसायाप्रमाणे बदलून घ्या. पैशाचा भाग जसाच्या तसा लागू होतो.

परवाना आधी

व्हिसा म्हणजे त्या देशात राहायची मुभा. रुग्ण तपासायची मुभा वेगळी संस्था देते आणि तुम्ही किती पैसे आणले याच्याशी तिला काही घेणं नसतं.

अमेरिकेत भारतीय बीडीएसवर थेट प्रॅक्टिस करता येत नाही. मान्यताप्राप्त डेंटल कॉलेजात साधारण दोन ते तीन वर्षांचा ॲडव्हान्स्ड स्टँडिंग अभ्यासक्रम करावा लागतो, आयएनबीडीई परीक्षा द्यावी लागते आणि मग राज्याचा परवाना काढावा लागतो. एमबीबीएस-एमडी झालेल्यांना यूएसएमएलई आणि बहुतेक वेळा नव्याने रेसिडेन्सी. शिवाय अनेक राज्यांत ज्याच्याकडे तिथला परवाना नाही त्याला दवाखान्याचा मालकही होता येत नाही. म्हणजे ‘मी मालक होतो, डॉक्टर नोकरीला ठेवतो’ हा मार्गही तिथे बंद.

ब्रिटनमध्ये डॉक्टरांना पीएलएबी परीक्षा देऊन जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी घ्यावी लागते, दंतवैद्यांना ओआरई परीक्षा देऊन जनरल डेंटल कौन्सिलची, तर फिजिओथेरपिस्टना एचसीपीसी या नियामक संस्थेची. ऑस्ट्रेलियात दंतवैद्यांसाठी एडीसी म्हणजे तिथल्या डेंटल कौन्सिलच्या परीक्षा आणि मग नोंदणी. जर्मनीत आधी भाषा, मग वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा आणि पदवी समतुल्य ठरली नाही तर ज्ञानपरीक्षा. आखाती देशांत डेटाफ्लो कंपनीकडून कागदांची मूळ संस्थेपर्यंत पडताळणी होते आणि मग परीक्षा. परीक्षेची एकूण वर्षं मोजली, तर संयुक्त अरब अमिरात इतरांपेक्षा जवळची पडते.

बीएएमएसची गोष्ट निराळी आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावात अर्धं वैद्यकीय काम या पदवीवर चालतं, पण अमेरिका-युरोपात ही पदवी डॉक्टरकीचा परवाना मिळवून देत नाही. अमिरातीत मात्र पारंपरिक आणि पूरक चिकित्सा या वर्गात आयुर्वेदाचा परवाना मिळतो. त्याची व्याप्ती आयुर्वेदापुरती असते. तिथे इंजेक्शन-सलाइनचा दवाखाना चालवायचा विचार डोक्यातून काढून टाका.

या टप्प्यावर घरबसल्या सुरू करायची कामं:

गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. त्याआधीची वैद्यकीय पदवी असेल तर तुमचे कागद तेव्हा पदवी देणाऱ्या विद्यापीठाच्या, बहुतेकांचे संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठाच्या दफ्तरात असतात, नाशिकला नाही. डेटाफ्लोच्या अर्जात विद्यापीठाचं नाव चुकलं तर पडताळणी ‘माहिती मिळाली नाही’ म्हणून परत येते आणि फी गेली ती गेली.

गुड स्टँडिंग सर्टिफिकेट. हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, राज्य डेंटल कौन्सिल किंवा तुमच्या शाखेच्या परिषदेकडून मिळतं. त्याची मुदत थोडी असते, म्हणून अर्ज करायच्या वेळेसच काढा. इथली नोंदणी मात्र चालू ठेवा. परदेशातली पहिली वर्षं ओढाताणीची असतात, परतीचा दरवाजा उघडा असलेला बरा.

नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव पुढे, पासपोर्टवर वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये, लग्नानंतर आधारवर तिसरंच. इथे कोणी विचारत नाही, तिथे अर्ज अडतो. राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा.

गावाचं नाव. जुन्या पदवीवर औरंगाबाद आणि नव्या पत्त्यावर छत्रपती संभाजीनगर, किंवा उस्मानाबाद आणि धाराशिव. परदेशातल्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी शहरं वाटतात. २०२३ च्या नामांतराच्या अधिसूचनेची प्रत इंग्रजी भाषांतरासह फाइलमध्ये लावा. एका पानाचं काम, पण त्यामुळे खुलाशाच्या पत्रांचे महिने वाचतात.

कुठला देश, कुठला व्हिसा

ज्या देशांचं नाव घेऊन लोक येतात, त्यांतले बरेच दरवाजे आता बंद आहेत. ब्रिटनचा टियर-१ इन्व्हेस्टर व्हिसा १७ फेब्रुवारी २०२२ रोजी बंद झाला. त्यांच्याकडे इनोव्हेटर फाउंडर व्हिसा आहे, पण त्यासाठी कल्पना नवी, चालू शकणारी आणि वाढणारी असल्याचं मान्यताप्राप्त संस्थेकडून पत्र लागतं. साध्या डेंटल क्लिनिकला ते मिळणं अवघडच. ऑस्ट्रेलियाचा १८८ हा व्यवसाय-गुंतवणूक व्हिसा २०२४ मध्ये बंद झाला. कॅनडाचा जुना गुंतवणूकदार कार्यक्रम २०१४ मध्येच गेला. या तिन्ही देशांत डॉक्टरांसाठी नोकरीचा किंवा कौशल्याचा व्हिसा हाच वाहता रस्ता आहे.

अमेरिकेत भारतीयांसाठी गुंतवणुकीचा खरा मार्ग म्हणजे ईबी-५. रक्कम १०,५०,००० डॉलर. ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात ८,००,००० डॉलर. शिवाय दहा पूर्णवेळ नोकऱ्या तयार व्हाव्या लागतात आणि त्यात तुम्ही, तुमचा जोडीदार आणि मुलं धरली जात नाहीत. स्वतःच्या क्लिनिकमध्ये पैसा घालून दहा पूर्णवेळ माणसं दाखवायची तर दवाखाना चांगलाच मोठा लागेल आणि परवाना नसताना मालकीच अडचणीत येईल. म्हणून बहुतेक जण रीजनल सेंटरमार्फत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत, दुसऱ्याच्या प्रकल्पात पैसा लावतात, कुटुंबाचं ग्रीन कार्ड मिळवतात आणि मग डेंटल कॉलेजात शिरतात. हा मार्ग महागडा आहे, पण निदान त्याचा क्रम बरोबर आहे. २०२२ च्या कायद्याने ग्रामीण प्रकल्पांसाठी २० टक्के, जास्त बेरोजगारीच्या भागांसाठी १० टक्के आणि पायाभूत प्रकल्पांसाठी २ टक्के व्हिसे राखून ठेवले. भारतीयांची सर्वसाधारण रांग लांब असल्याने या राखीव गटांना महत्त्व आलंय. त्याच कायद्यानुसार ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या अर्जांना पुढे कार्यक्रम थांबला तरी संरक्षण आहे.

‘ग्रेनाडाचं नागरिकत्व घ्या आणि त्यावर ई-२ मिळवा’ असा सल्ला देणारे भेटतील, कारण कॅरिबियनमधला हा देश ई-२ च्या यादीत आहे. २०२२ च्या डिसेंबरपासून, गुंतवणुकीतून नागरिकत्व घेतलेल्याने त्या देशात सलग तीन वर्षं वास्तव्य केलं असेल तरच ई-२ मिळतो. आणि दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड, मिळालं तरी त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे जमीन वाढवायची इच्छा असलेल्यांनी हे घरात बसून मोठ्याने वाचावं.

तुमचं इथे कंपनी स्वरूपातलं रुग्णालय किंवा फर्म चालू असेल तर अमेरिकेचा एल-१ए हा कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा बघण्यासारखा आहे. गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्ष व्यवस्थापक म्हणून काम, इथला व्यवसाय चालू राहणं आणि तिथे त्याचीच शाखा, या अटी. नव्या शाखेला आधी एकच वर्ष मिळतं. डॉक्टरांपेक्षा इंजिनीअरिंग सल्लागार आणि सॉफ्टवेअर फर्मना हा जास्त जुळतो.

जर्मनीत डॉक्टर, दंतवैद्य, आर्किटेक्ट यांना ‘फ्रायबेरुफ’ म्हणजे मुक्त व्यावसायिक मानतात आणि स्वतंत्र व्यवसायासाठी निवास परवाना मिळू शकतो. ठरावीक गुंतवणूक रकमेची अट नाही. पण व्यावसायिक परवाना हवाच आणि वय ४५ च्या पुढे असेल तर म्हातारपणाच्या तरतुदीचा पुरावा मागतात. सरकारी विम्याचे रुग्ण तपासायचे तर त्या भागात तशी जागा रिकामी असावी लागते.

राहिली अमिरात. १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत परदेशी माणसाला मुख्य भूमीवर, म्हणजे फ्री झोनच्या बाहेरही, शंभर टक्के मालकी घेता येते. दुबईत दुबई हेल्थ ऑथॉरिटी, अबुधाबीत तिथला आरोग्य विभाग, इतर अमिरातींत केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आणि दुबई हेल्थकेअर सिटीत त्यांचं स्वतःचं नियमन. कुठे बसायचं हे आधी ठरवा, कारण परवाना त्यावर ठरतो. पुढचा क्रम साधारण असा: डेटाफ्लो, परीक्षा, पात्रता पत्र, व्यवसायाच्या नावाची आणि कामाची प्राथमिक मंजुरी, जागा, आरोग्य खात्याकडून नकाशाला मंजुरी, आतलं काम, तपासणी, दवाखान्याचा परवाना, ट्रेड लायसन्स आणि शेवटी भागीदार किंवा गुंतवणूकदार व्हिसा. नकाशाला मंजुरी मिळण्याआधी भाडेकरार करून आतलं काम सुरू केलं तर भिंती पाडायची वेळ येते. खोलीचं माप, निर्जंतुकीकरणाची जागा, अपंगांसाठी वाट हे सगळं तिथे मोजपट्टी लावून बघतात. डॉक्टरांसाठी दहा वर्षांचा गोल्डन व्हिसाही आहे आणि २० लाख दिरहमच्या स्थावर मालमत्तेवरही तो मिळतो. पण गोल्डन व्हिसा म्हणजे दवाखाना उघडायचा परवाना नव्हे. नफा ३,७५,००० दिरहमच्या वर गेला की ९ टक्के कॉर्पोरेट कर आहे, ‘दुबईत टॅक्स नाही’ हे व्यवसायाला आता लागू नाही.

पैसा कुठून आला

बहुतेक फाइली इथे अडकतात. व्हिसा तपासणारं परदेशातलं सरकारी खातं, विशेषतः ईबी-५ चं, तुमच्याकडे पैसा आहे एवढ्यावर थांबत नाही. तो कुठून आला, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेला, प्रत्येक पायरीचा कागद मागतं. आपल्याकडे हा पैसा सहसा तीन ठिकाणांहून येतो: प्रॅक्टिस, प्लॉट आणि वडिलोपार्जित शेती.

प्रॅक्टिसचं सोपं आहे. विवरणपत्रात दाखवलेलं उत्पन्नच मोजलं जातं. काउंटरवर रोख घेऊन वहीत न लिहिलेली फी या कामासाठी शून्य आहे. दोन-तीन वर्षांनी जायचं ठरवत असाल तर आजपासून फी यूपीआय आणि बँकेतून घ्या. मागच्या वर्षांची विवरणपत्रं आता फुगवून भरायला सुचवणाऱ्यापासून लांब राहा.

शेतीत खरी मेहनत आहे. जमीन विकून पैसा उभा करायचा तर फाइलमध्ये चालू सातबारा, ८-अ, वारसाचा फेरफार, वाटणीपत्र किंवा बहीण-भावांचं हक्कसोडपत्र, खरेदीखत, सूची क्रमांक २ आणि विक्रीची रक्कम जमा झालेलं बँक विवरण, एवढं लागतं. त्यातही जमीन कुटुंबात आली कशी, हा प्रश्न आला की मराठवाड्यातला माणूस थेट हैदराबाद राज्याच्या आणि निजामाच्या काळात जातो. खासरा पाहणी पत्रक, इनामाच्या नोंदी, कधी उर्दूतले कागद. त्यांची प्रमाणित प्रत काढून, भाषांतरकाराच्या सही-प्रमाणपत्रासह इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागतं. उर्दू दफ्तर वाचणारी माणसं आता कमी उरली आहेत, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं तर थांबा. मदतमाश, खिदमतमाश अशा इनाम जमिनी आपल्याकडे गावोगाव आहेत. सरकारी परवानगी आणि नजराण्याशिवाय (सरकारला भरायच्या रकमेशिवाय) झालेला त्यांचा व्यवहार पुढे रद्द होऊ शकतो आणि तसा पैसा कायदेशीर म्हणून दाखवता येत नाही. वर्ग १ करून घेणं शक्य असेल तिथे आधी ते करा, विक्री नंतर.

भांडवली नफ्याचा कर ग्रामीण शेतजमिनीला लागत नाही, पण ‘ग्रामीण’ कशाला म्हणायचं हे अंतरावर ठरतं. लोकसंख्येनुसार शहराच्या हद्दीपासून २, ६ किंवा ८ किलोमीटरच्या आतली शेती करासाठी शहरी धरली जाते. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या संभाजीनगरला ८ किलोमीटर, लातूर-नांदेडला ६. अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नव्हे. शेंद्रा किंवा वाळूजच्या बाजूला जमीन असेल तर मोजून घ्याच.

आता रोख. निम्मे पैसे खरेदीखतात आणि निम्मे पिशवीत, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं कायद्याने मना आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. पण दंड बाजूला ठेवला तरी पिशवीतला पैसा परदेशात नेता येत नाही. जमीन विकून जायचं असेल तर पूर्ण किंमत खरेदीखतात लिहिणारं गिऱ्हाईक शोधा, मग भाव थोडा कमी आला तरी चालेल.

शेतीचं उत्पन्न दाखवणार असाल तर आडत पट्ट्या, बाजार समितीच्या पावत्या आणि पिकाच्या नोंदी जपून ठेवा. दहा एकर कोरडवाहू सोयाबीनवर वर्षाला चाळीस लाख उत्पन्न दाखवलेलं विवरणपत्र मी पाहिलंय. परदेशातल्या अधिकाऱ्याला पिकातलं कळत नसेल, पण त्याला भागाकार येतो.

पतसंस्था आणि मल्टिस्टेटमधल्या ठेवी वेळेत राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत आणा. परदेशी रक्कम पाठवायचा अधिकार अधिकृत डीलर बँकेलाच असतो आणि भांडवली व्यवहारासाठी, म्हणजे परदेशातल्या गुंतवणुकीसारख्या कामासाठी, त्या बँकेत तुमचं खातं किमान वर्षभर जुनं असावं लागतं. खातं नवं असेल तर आधीच्या बँकेचं वर्षभराचं विवरण मागतात.

पैसा पाठवताना

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे एलआरएसखाली, निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर पाठवता येतात. डॉलर ९० रुपये धरला तर सव्वादोन कोटी. ईबी-५ चे ८,००,००० डॉलर एकट्याला पाठवायचे तर चार आर्थिक वर्षं लागतात. मात्र चार आर्थिक वर्षं म्हणजे चार कॅलेंडर वर्षं नव्हेत. पहिला हप्ता मार्चअखेर, दुसरा लगेच एप्रिलमध्ये, तिसरा आणि चौथा पुढच्या दोन एप्रिलमध्ये असे पाठवले तर दोन वर्षांच्या आसपास काम होतं.

‘बायकोच्या आणि आईच्या नावावर मर्यादा आहेच ना’ हा प्रश्न हमखास येतो. भांडवली व्यवहारात कुटुंबातली व्यक्ती त्या गुंतवणुकीत सहमालक असेल तरच तिची मर्यादा जोडता येते. अमिरातीतल्या कंपनीत नवरा-बायको दोघे भागीदार असतील तर दोघांची मिळून ५,००,००० डॉलर होते. ईबी-५ मध्ये अर्जदार एकच असतो, म्हणून तिथे ही युक्ती लागू पडत नाही.

एलआरएसखाली भांडवली रक्कम पाठवण्यासाठी बँकेने कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि टीसीएस, म्हणजे रक्कम पाठवतानाच बँक गोळा करते तो कर, लक्षात ठेवा. वर्षात दहा लाखांच्या वरच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के. सव्वादोन कोटी पाठवले तर सुमारे ४३ लाख रुपये वर ठेवावे लागतील. ते तुमच्या नावावर जमा होतात, करात वळते होतात किंवा परत मिळतात. पण तोवर ती रक्कम अडकते आणि त्याची सोय आधी केलेली नसते.

परदेशातल्या बिनसूचीबद्ध कंपनीत भाग घेतला की ती परदेशातली थेट गुंतवणूक (ओडीआय) ठरते आणि त्याला २०२२ चे नियम लागू होतात. पैसे पाठवायच्या आधी फॉर्म एफसी भरून युनिक क्रमांक घ्यायचा, नंतर भागपत्र सादर करायचं, आणि दहा टक्के किंवा जास्त हिस्सा असेल तर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक अहवाल द्यायचा. गावच्या शाखेत हा फॉर्म कोणी पाहिलेला नसतो. मॅनेजरला त्यांच्या पुण्या-मुंबईच्या परकीय चलन विभागाशी बोलायला लावा आणि उत्तर ई-मेलवर घ्या. या नियमांत एक बारीक गोष्ट आहे: परदेशातली संस्था मर्यादित दायित्वाची असावी लागते. दुबईत स्वस्त पडते म्हणून ‘सोल एस्टॅब्लिशमेंट’, म्हणजे एकट्याच्या मालकीची संस्था, काढली आणि निवासी भारतीय असताना त्यात पैसा घातला, तर तो या चौकटीत बसत नाही. एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी, काढा. वित्तीय सेवा देणाऱ्या संस्थेतही व्यक्तीला असा पैसा घालता येत नाही, म्हणून ईबी-५ च्या फंडाची रचना चालेल का, हे पैसे पाठवण्याआधी बँकेकडून लेखी घ्या.

या सगळ्या कटकटीवर माझा सल्ला असा की आधी नोकरीवर जा. अमिरातीत एखाद्या क्लिनिकमध्ये परवाना घेऊन वर्ष-दोन वर्षं नोकरी करा. नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्यात तुम्ही अनिवासी होता, वरचे गुंतवणूक नियम तिथल्या तुमच्या कमाईला लागू राहत नाहीत आणि इथल्या एनआरओ (अनिवासींच्या रुपयातल्या) खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम, कर भरल्याचे कागद लावून, नेता येते. शिवाय तिथले विमा कंपन्यांचे दर, भाडं, नर्सचा पगार दुसऱ्याच्या पैशावर शिकायला मिळतात. थेट गुंतवणूकदार म्हणून उतरलेला डॉक्टर हे सगळं स्वतःच्या पैशाने शिकतो.

अर्ज, सल्लागार आणि निघण्याआधी

अमेरिकेसाठी तिथला परवानाधारक वकील, कॅनडासाठी तिथल्या ‘कॉलेज’ नावाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेकडे नोंदलेला सल्लागार, ऑस्ट्रेलियासाठी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट, ब्रिटनसाठी इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंद असलेला. चौघांचीही नावं त्या-त्या अधिकृत यादीत ऑनलाइन तपासता येतात. संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या किंवा लातूरच्या ऑफिसात बसलेला माणूस यांपैकी कोणाचा प्रतिनिधी आहे हे विचारा आणि करार त्या मूळ सल्लागाराशीच करा. ‘व्हिसा झाला तरच फी’ हे ऐकायला गोड लागतं, पण अशा ठिकाणी खोटे कागद घुसवायचा मोह कामालाच चिकटलेला असतो. खोट्या कागदाचा ठपका तुमच्या पासपोर्टवर बसतो, त्याच्यावर नाही.

पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, लागते. अमिरातीसाठी अपोस्टिल चालत नाही, मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचंही साक्षांकन लागतं. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळतं. गावच्या पत्त्यावर पडताळणीला पोलीस येतो तेव्हा घरी कोणीतरी असू द्या.

निवासी असेपर्यंत परदेशातलं खातं आणि भाग विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. अनिवासी झालात की बचत खातं एनआरओ करून घ्या.

आणि गावाकडची शेती. अनिवासी झाल्यावर आधीची किंवा वारसाने आलेली जमीन ठेवता येते, नवी शेतजमीन घेता येत नाही, आणि विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच. निघण्याआधीच वारसाच्या नोंदी, सामाईक बांध, बहिणींची हक्कसोड हे सगळं उरकून घ्या. कोणाला मुखत्यारपत्र द्यायचं तर इथेच दुय्यम निबंधकासमोर नोंदवून द्या. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून आणावं लागतं आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.